आवाज फाटतो, पण नेमका कधी? हार्मोनिक विकृतीचे मूळ शोधण्याची क्रमवार पद्धत

"आवाज फाटतो" अशी तक्रार घेऊन कोणी येते, तेव्हा बहुधा अँप्लिफायरचे माहितीपत्रकही सोबत असते आणि त्यातल्या एकूण हार्मोनिक विकृतीच्या आकड्याखाली पेनाने रेघ मारलेली असते. शेजाऱ्याच्या यंत्राचा आकडा ०.०१ टक्का आणि आपला ०.१ टक्का, तेव्हा दोष इथेच असणार, असा निष्कर्ष आधीच झालेला असतो. ही तक्रार मी अनेक वर्षे पुन्हा पुन्हा हाताळत आलो आहे. कानाला ठसठशीत जाणवणारी विकृती त्या आकड्यातून आल्याचे मला जवळजवळ कधीच आढळलेले नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मी कागद पुढे करतो आणि आवाज कधी फाटतो ते लिहायला सांगतो: मोठ्या आवाजात की हळू आवाजात, एकाच सुरावर की सगळीकडे, एकाच बाजूला की दोन्हीकडे, यंत्र थंड असताना की तापल्यावर. ही टिपणे नीट केली, तर निम्मे काम तिथेच होते.

विकृती म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच उभी आहे. उपकरण जेव्हा लहान आणि मोठी लहर सारख्याच पटीत मोठी करत नाही, तेव्हा लहरीचा आकार बदलतो आणि मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे, ध्वनिमुद्रणात नसलेले सूर त्यात मिसळतात. २४० हर्ट्झचा षड्ज घेतला, तर दुसरी हार्मोनिक ४८० हर्ट्झवर, म्हणजे तार षड्जावर पडते. तिसरी ७२० हर्ट्झवर, म्हणजे तार सप्तकातल्या पंचमावर आणि पाचवी १२०० हर्ट्झवर, म्हणजे त्याहून वरच्या सप्तकातल्या गंधारावर पडते. सातवी मात्र १६८० हर्ट्झवर येते, आणि तिथे कोमल निषादही नसतो, कारण तो १७२८ हर्ट्झच्या आसपास असतो. खालच्या हार्मोनिक सुरात मिसळून जातात, वरच्या सुराबाहेर उभ्या राहतात. "आवाज जरा भरदार वाटतो" आणि "आवाज चिरका वाटतो" या दोन तक्रारींमागे पुष्कळदा एवढाच फरक असतो.

एकाहून अधिक सूर एकत्र वाजू लागले की आणखी एक गोष्ट घडते. ३०० हर्ट्झचा गंधार आणि ४०० हर्ट्झचा धैवत अशा सदोष उपकरणातून एकत्र गेले, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून ५०० आणि ७०० हर्ट्झचेही सूर तयार होतात, आणि हे दोन्ही त्या सप्तकातल्या कोणत्याच शुद्ध स्वरावर बसत नाहीत. याला आंतरमिश्रण विकृती म्हणतात. एकट्या बासरीला जे यंत्र स्वच्छ वाटते, तेच यंत्र वाद्यवृंद किंवा समूहगान लावले की गढूळ वाटते, त्याचे कारण हेच. तेव्हा तपासणीसाठी एकच वाद्य असलेले आणि अनेक वाद्ये असलेले, अशी दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणे हाताशी ठेवावीत.

लक्षणे

फक्त मोठ्या आवाजात, विशेषतः ढोलक किंवा बासच्या ठोक्यावर आवाज फाटत असेल, तर अँप्लिफायर किंवा स्पीकर आपल्या मर्यादेला पोचत आहे, किंवा त्याआधीच्या एखाद्या टप्प्यावर पातळी अवाजवी चढवलेली आहे.

फक्त हळू आवाजात खरखर किंवा चरचर जाणवत असेल आणि आवाज वाढवला की ती नाहीशी होत असेल, तर हे वेगळे आणि फार उपयोगी लक्षण आहे. अशा वेळी संशय आधी गंजलेल्या संपर्कांवर, आणि नंतर अँप्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टरांच्या बायसवर, म्हणजे संकेत नसतानाही त्यांना किंचित चालू ठेवणाऱ्या छोट्या प्रवाहावर, घ्यावा.

एखाद्याच सुरावर झिणझिण किंवा घर्रर असा आवाज येत असेल, तर खोलीतली किंवा स्पीकरच्या पेटीतली एखादी वस्तू कंप पावत असते, नाहीतर स्पीकरची कॉइल, म्हणजे त्याचा शंकू हलवणारी तारेची गुंडाळी, घासत असते. एकाच बाजूला फाटत असेल तर काम सोपे झाले म्हणून समजावे. अर्ध्यापाऊण तासाने फाटू लागत असेल, तर उष्णता आणि सैल पडलेला सोल्डर आठवावा. एकाच ध्वनिमुद्रणात फाटत असेल, तर यंत्राला हात लावण्याची आवश्यकताच नाही. तबकडी वाजवताना बाहेरच्या खाचांमध्ये आवाज स्वच्छ आणि आतल्या खाचांमध्ये "स", "श" ही अक्षरे थुंकल्यासारखी येत असतील, तर सुई झिजलेली, मळलेली किंवा चुकीच्या कोनात बसवलेली असते. ती आधी स्वच्छ करावी आणि कोन तपासावा. एवढ्याने फरक पडला नाही, तर सुई बदलावी.

पहिली तपासणी: ध्वनिमुद्रण आणि उगम

यात पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत ती संपते, तरीही बहुतेक लोक तिच्याकडे शेवटी वळतात. ज्या गाण्यात आवाज फाटतो, तेच गाणे हेडफोनवर, मध्यम आवाजात ऐकावे. तिथेही त्याच क्षणी फाटत असेल, तर विकृती ध्वनिमुद्रणातच आहे. १९९० च्या दशकापासून ध्वनिमुद्रणे अधिकाधिक मोठी ऐकू यावीत म्हणून त्यांची शिखरे छाटण्याची प्रथा वाढत गेली. अशी फाईल संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत उघडली, तर लहरींचे माथे पट्टीने कापल्यासारखे सपाट दिसतात. कोणताही अँप्लिफायर ते परत गोलाकार करू शकत नाही. जुन्या टेपवरून घेतलेल्या मुद्रणाबद्दलही हे ध्यानात ठेवावे. टेपवर पातळी चढली की प्रामुख्याने तिसरी हार्मोनिक वाढते आणि ३ टक्के तिसरी हार्मोनिक ही टेपच्या कमाल पातळीची मर्यादा मानण्याचा प्रघात होता. म्हणजे त्या काळच्या उत्तम मुद्रणातही शिखरावर एवढी विकृती असू शकते, आणि ती आपण आनंदाने ऐकत आलो आहोत.

दुसरी तपासणी: पातळ्यांची साखळी

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त इथेच मिटल्या. फोन किंवा संगणकातल्या इक्वलायझरमध्ये बासची पट्टी ६ डेसिबल वर सरकवलेली असते. ६ डेसिबल म्हणजे लहरीची उंची दुप्पट. डिजिटल संकेताला मात्र एक कमाल पातळी असते आणि तिच्यापलीकडे जागाच नसते, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलेली लहर दुप्पट केली, तर तिचे माथे तिथल्या तिथे कापले जातात. आवाजाचे बटण अँप्लिफायरवर कितीही खाली घेतले तरी हे फाटणे तसेच राहते, फक्त हळू ऐकू येते. हीच त्याची ओळख. उपाय असा की, बास ६ डेसिबल वाढवायचा असेल, तर त्याच इक्वलायझरमधली एकूण पातळी, म्हणजे प्रीअँपची पट्टी, ६ डेसिबल खाली घ्यावी आणि हवा असलेला मोठेपणा अँप्लिफायरच्या बटणाने मिळवावा. फोनमधील "आवाज वाढवा" छापाच्या सर्व सुविधा तपासणीपुरत्या बंद कराव्यात.

यानंतर जोडण्या पाहाव्यात. सीडी प्लेअर पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट देतो, तर तबकडीच्या सुईकडून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो. तबकडीसाठी असलेल्या फोनो जोडणीत सीडी प्लेअर किंवा फोन लावला, तर पहिल्याच टप्प्यावर संकेत शेकडो पटींनी अधिक होतो आणि आवाज कमालीचा फाटका व बासने फुगलेला येतो. एकदा एका गृहस्थांनी असा अँप्लिफायर "जळाला" म्हणून आणला होता. मागची वायर एका भोकातून काढून शेजारच्या भोकात घातली, आणि काम संपले.

तिसरी तपासणी: खोली, पेटी आणि आपले कान

फोनवरील टोन जनरेटरने २० हर्ट्झपासून सुमारे ३०० हर्ट्झपर्यंत सूर अगदी सावकाश वर न्यावा. आवाज मध्यमच ठेवावा, कारण सलग चालणारा शुद्ध सूर स्पीकरची कॉइल संगीतापेक्षा फार लवकर तापवतो. कुठल्यातरी एका वारंवारतेवर झिणझिण सुरू होईल. तिथे थांबून एकेका वस्तूवर हात ठेवत जावे: खिडकीची काच, कपाटाचे दार, स्पीकरची जाळी, त्याचे स्क्रू, मागचे टर्मिनल. ज्या वस्तूवर हात ठेवताच आवाज थांबेल, ती दोषी. ही खऱ्या अर्थाने हार्मोनिक विकृती नव्हे, पण कानाला ती तशीच भासते.

फार मोठ्या आवाजात आपला कानही स्वतःचे सूर मिसळतो. दोन मोठे सूर एकत्र ऐकले की हवेत नसलेला तिसरा सूर ऐकू येतो, हे व्हायोलिनवादक ज्युसेप्पे तार्तिनी यांच्या लक्षात १७१४ साली आले होते. म्हणून फाटणे जाणवले की आहे त्याच आवाजात खोलीबाहेर जाऊन ऐकावे. दारामागून ऐकतानाही फाटत असेल तर दोष यंत्रात आहे. बाहेर गेल्यावर ते विरून जात असेल, तर आवाज कानाच्या सोयीपेक्षा अधिक मोठा आहे, आणि तो कमी करणे हे कानांच्या आरोग्यासाठीही आवश्यक आहे.

चौथी तपासणी: डावे-उजवे बदलून पाहणे

एका बाजूला फाटत असेल, तर यासारखी खात्रीची युक्ती नाही. यंत्र बंद करावे आणि स्पीकरच्या तारा अँप्लिफायरच्या मागे परस्पर बदलाव्यात. आधी डावीकडे फाटत होते आणि आता उजवीकडे फाटू लागले, तर स्पीकर निर्दोष आहे आणि दोष अँप्लिफायर किंवा त्याच्या आधी आहे. फाटणे डाव्या स्पीकरमध्येच राहिले, तर दोष त्या स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा. अँप्लिफायरकडे संशय वळला, तर तारा पूर्ववत करून आता उगमाकडून, म्हणजे सीडी प्लेअर किंवा फोनकडून, येणाऱ्या वायर अँप्लिफायरच्या टोकाला परस्पर बदलाव्यात. फाटणे बाजू बदलत असेल तर दोष उगमात किंवा त्या वायरीत आहे, बाजू बदलत नसेल तर अँप्लिफायरमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी निष्कर्ष लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर मिळालेले उत्तर कशाचे होते हे कळत नाही आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

पाचवी तपासणी: संपर्क

हळू आवाजात फाटतो आणि वाढवला की सुधारतो, या लक्षणाचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे अँप्लिफायरमधील स्पीकर-रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा विजेवर चालणारा स्विच. यंत्र चालू केल्यावर काही सेकंदांनी "टक्" असा आवाज होतो, तो हा रिले बसण्याचा. त्याच्या संपर्कांवर काळसर थर चढला की तो थर लहान विद्युतदाबाला अडवतो आणि मोठ्याला वाट देतो. पहाटे हळू आवाजात गाणे लावावे तर एका बाजूने घोगरा, कापडामागून आल्यासारखा आवाज यावा, आणि बटण क्षणभर वाढवून परत खाली आणताच दोन्ही बाजू स्वच्छ व्हाव्यात, असे घडत असेल तर रिलेच बघावा. माझ्या स्वतःच्या अँप्लिफायरने मला कित्येक महिने असे चकवले होते. मी स्पीकर बदलले, तारा बदलल्या, आणि शेवटी रिलेचे पारदर्शक आवरण काढून पाहिले, तेव्हा दोनपैकी एका संपर्कबिंदूवर मोहरीएवढा काळा डाग होता.

आवाजाच्या बटणातील, निवड-स्विचमधील आणि मागच्या भोकांतील संपर्कही असेच मळतात. यंत्र बंद असताना बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावे. तेवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी मिळणारा संपर्क-क्लीनरच वापरावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच यंत्र चालू करावे. वंगण मिसळलेले गंजनाशक तेल मुळीच वापरू नये. याच वेळी स्पीकरच्या टर्मिनलपाशी तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

सहावी तपासणी: स्पीकर

संपूर्ण साखळीत सर्वांत जास्त विकृती स्पीकरमध्ये असते, हे वाचकांनी मनावर कोरून ठेवावे असे मला वाटते. चांगल्या अँप्लिफायरची विकृती टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजली जाते, तर खालच्या बासमध्ये मोठ्या आवाजात चांगल्या स्पीकरचीही विकृती काही टक्क्यांवर जाते. लहान स्पीकरला ३० हर्ट्झचा सूर दिला की आपल्याला पुष्कळदा ९० हर्ट्झची तिसरी हार्मोनिकच जास्त ऐकू येते, कारण मध्यम आवाजाला आपला कान ९० हर्ट्झच्या तुलनेत ३० हर्ट्झला सुमारे २० डेसिबलने मंद असतो. मापकावर १० टक्के दिसणारी विकृती कानाला मूळ सुराइतकीच मोठी वाटते, ती यामुळे.

यंत्र बंद करून जाळी काढावी आणि शंकूभोवतीची लवचिक कडा प्रथम डोळ्यांनी पाहावी. फोमची कडा असेल, तर वर्षानुवर्षांनी ती ठिसूळ होऊन बोट लावताच तिचा चुरा पडतो. रबराची कडा कागदापासून सुटलेली असू शकते. त्यानंतर दोन्ही हातांची बोटे शंकूच्या मध्यभागाभोवती समान अंतरावर टेकवून तो अगदी हलकेच आत ढकलावा आणि सोडावा. निरोगी शंकू उशीसारखा मऊपणे आत जातो आणि निःशब्द परत येतो. कॉइल घासत असेल, तर बोटांच्या टोकांना बारीक रेतीवरून फिरल्यासारखी खरखर जाणवते, आणि कान जवळ नेला तर ती ऐकूही येते. बोटे एकाच बाजूला टेकवली तर चांगली कॉइलही तिरपी होऊन घासते, म्हणून दाब सर्व बाजूंनी समान असणे महत्त्वाचे. उंच सुरांच्या छोट्या ट्वीटरला मात्र बोट लावू नये. त्याचा पडदा एका स्पर्शात चेपतो.

कडा फाटली असेल तर ती बदलता येते आणि शांतपणे काम करणाऱ्याला ते घरी जमते. घासणारी कॉइल ही स्पीकर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेण्याची गोष्ट आहे.

सातवी तपासणी: ताकद आणि भार

१ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर आणि ५० वॅटचा अँप्लिफायर घ्या. ५० वॅट म्हणजे १ वॅटपेक्षा १७ डेसिबल अधिक. संगीताची शिखरे सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल उंच सहज जातात. म्हणजे सरासरी १ वॅटवर वाजवत असतानाच शिखरांना पूर्ण ५० वॅट लागतात, आणि आवाज आणखी ६ डेसिबल वाढवला तर शिखरांना २०० वॅट हवेत, जे या यंत्राकडे नाहीत. मग शिखरे कापली जातात.

कापले जाण्याची तऱ्हाही यंत्रागणिक बदलते. १९२७ साली बेल प्रयोगशाळेत हॅरॉल्ड ब्लॅक यांनी निगेटिव्ह फीडबॅकची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलटा करून परत आत देण्याची, कल्पना मांडली आणि पुढच्या बहुतेक अँप्लिफायरांची विकृती तिच्यामुळे कितीतरी पटींनी उतरली. हा फीडबॅक यंत्राकडे विद्युतदाब शिल्लक असेपर्यंतच काम करतो. तो संपला की भरपूर फीडबॅक असलेला ट्रान्झिस्टर अँप्लिफायर एखाददुसऱ्या डेसिबलच्या आत स्वच्छ आवाजाकडून फाटक्या आवाजाकडे जातो, आणि वरच्या विषम हार्मोनिकांचा लोंढा ट्वीटरकडे वाहतो. बटण आणखी थोडे फिरवल्यावर आवाज एकाएकी कर्कश झाला, तर ही मर्यादाच आहे. उपाय एकच, बटण मागे घ्यावे.

भारही, म्हणजे स्पीकरचा ओहममध्ये मोजला जाणारा रोधही, मोजावा. एकाच टर्मिनलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार २ ओहम होतो. ४ ओहमसाठी बनवलेला अँप्लिफायर अशा वेळी प्रवाह मर्यादित करू लागतो आणि ठोक्याठोक्याला आवाज फाटतो.

आठवी तपासणी: मोजमाप, आणि किती विकृती ऐकू येते

इथवर येऊनही कारण सापडले नसेल, तर मोजावे. मोजमापासाठी वापरायचा साधा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्डसारखी मोफत प्रणाली एवढ्यावर स्पीकरची विकृती पाहता येते. स्पीकरचे टर्मिनल संगणकाच्या ध्वनी-कार्डाला थेट मात्र कधीही जोडू नयेत. तिथला विद्युतदाब कार्ड जाळू शकतो, आणि अनेक अँप्लिफायरांत दोन्ही टर्मिनलपैकी एकही जमिनीला जोडलेले नसल्यामुळे अँप्लिफायरही बिघडू शकतो.

मोजलेला टक्का वाचताना हे समीकरण ध्यानात असावे: १० टक्के म्हणजे मूळ सुराखाली २० डेसिबल, १ टक्का म्हणजे ४०, ०.१ टक्का म्हणजे ६०, ०.०१ टक्का म्हणजे ८० डेसिबल. पण हे अंतर सगळ्या हार्मोनिकांना सारखे लागू पडत नाही. मोठा सूर आपल्या जवळच्या, विशेषतः वरच्या बाजूच्या, लहान सुरांना झाकून टाकतो. दुसरी आणि तिसरी हार्मोनिक या झाकणाखाली दडतात, सातवी किंवा नववी त्याच्या कितीतरी बाहेर असते. बीबीसीमधील अभियंते डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० साली सुचवले होते की, प्रत्येक हार्मोनिकला तिच्या क्रमांकाच्या वर्गाचा चौथा हिस्सा एवढे वजन द्यावे. म्हणजे दुसरीला १, तिसरीला २.२५, सातवीला १२.२५ आणि दहावीला २५. माहितीपत्रकातला एकूण आकडा मात्र या सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. अर्ल गेडेस आणि लिडिया ली यांनी २००३ साली मांडलेल्या चाचण्यांतही श्रोत्यांची पसंती-नापसंती आणि एकूण हार्मोनिक विकृतीचा टक्का यांचा अर्थपूर्ण मेळ आढळला नाही. माझ्या दुरुस्तीच्या बाकावर हेच वारंवार दिसते: दुसऱ्या हार्मोनिकची १ टक्का विकृती संगीतात कोणालाही खटकत नाही, आणि वरच्या हार्मोनिकांची ०.२ टक्के विकृती एकट्या पियानोच्या हळू सुरांवर लगेच बोचते.

दुसरी गोष्ट पातळीची. माहितीपत्रकातला टक्का बहुधा मोठ्या ताकदीवर घेतलेला असतो. वर आणि खाली ओढणारे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांकडे काम सोपवतात त्या सांध्यावर बायस कमी पडला, तर लहरीत एक छोटी पायरी उमटते. लहर लहान झाली म्हणून ती पायरी लहान होत नाही. ५० वॅटवर ०.०५ टक्के वाटणारी अशी पायरी, ५० मिलिवॅटवर, म्हणजे ३० डेसिबल खाली, तेवढीच राहिली तर दीड टक्क्याच्या पुढे जाते, आणि तिच्यातल्या हार्मोनिक नेमक्या वरच्या, सुराबाहेरच्या असतात. म्हणून मापन पूर्ण ताकदीवर घेऊन थांबू नये. रोज ऐकतो त्या पातळीवरही घ्यावे. टक्का पातळीबरोबर वाढत असेल तर मर्यादेचा प्रश्न आहे, आणि पातळी उतरताना वाढत असेल तर संपर्क किंवा बायस.

कुठे थांबावे

झाकण उघडण्यापूर्वी एक तपासणी बाहेरून करता येते. संगीत बंद, आवाजाचे बटण शून्यावर, स्पीकर सोडवलेले आणि अँप्लिफायर चालू असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या मागच्या, एकेका स्पीकरसाठी असलेल्या दोन टर्मिनलांमधला विद्युतदाब पाहावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. तो शंभर-दोनशे मिलिव्होल्ट असेल तर यंत्र दाखवून घ्यावे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक असेल तर स्पीकर पुन्हा जोडूच नयेत, कारण या दाबामुळे कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो आणि दाब वाढला तर तो तिला जाळू शकतो. रिले असलेल्या यंत्रात "टक्" झाल्यावरच हे मापन घ्यावे.

यापुढचे काम तंत्रज्ञाचे आहे. बायस जुळवणे, कोरडे पडलेले कपॅसिटर बदलणे, शेवटचे ट्रान्झिस्टर बदलणे, तापल्यावर सुटणारा सोल्डर शोधणे, यांपैकी काहीही पुस्तक वाचून पहिल्यांदाच करू नये. बायसची छोटी कळ किंचित अधिक फिरली, तर ट्रान्झिस्टर क्षणात जातात आणि सोबत स्पीकरही नेतात. यंत्राचा प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरलेला असतो. वाल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये हा दाब ३०० ते ५०० व्होल्ट असतो आणि तो जीव घेऊ शकतो. वाल्व्हच्या यंत्राचे झाकण, अनुभव नसेल तर, उघडूच नये. जळका वास, धूर, वारंवार उडणारा फ्यूज, किंवा हात ठेववणार नाही इतका तापलेला हीटसिंक (ट्रान्झिस्टरांची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग), यांपैकी काहीही दिसले तर वरच्या एकाही तपासणीत वेळ न घालवता प्लग काढावा.

तंत्रज्ञाकडे जाताना यंत्रासोबत आपला कागदही न्यावा: कोणत्या बाजूला फाटते, कोणत्या पातळीवर, किती वेळाने, तारा बदलल्यावर काय झाले, डीसी दाब किती निघाला. ज्या ध्वनिमुद्रणात आणि ज्या क्षणी फाटते, ते ध्वनिमुद्रणही सोबत असावे. दुरुस्ती झाल्यावर यंत्र परत घेण्यापूर्वी तेच ध्वनिमुद्रण, बटण त्याच खुणेवर ठेवून, तेवढाच वेळ यंत्र तापू देऊन ऐकावे. तक्रार हळू आवाजातली असेल तर हळू आवाजातच ऐकावे, कारण दुकानात सर्वसाधारणपणे यंत्र मोठ्या आवाजात वाजवून दाखवले जाते आणि रिलेचा दोष तेवढ्यात लपून जातो.